पाहिलेला पुन्हा, की न पाहिलेला एकदा?

तिसरी_घंटा

सिनेमाचं वेड असलेल्या माणसाकडे दोन याद्या असतात. एक डोक्यात, एक फोनमध्ये. डोक्यातली लिहून ठेवावी लागत नाही. माझी 'सामना', 'सिंहासन', 'चारुलता', 'प्यासा', 'जाने भी दो यारो' अशी आहे आणि कित्येक वर्षांत तिच्यात फारशी भर पडलेली नाही. फोनमधली यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय. तिच्यात बंगालचे दिग्दर्शक ऋत्विक घटक आहेत, स्वीडनचे बर्गमन आहेत, 'टोकियो स्टोरी' सोडून जपानच्या ओझूचे सगळे सिनेमे आहेत, आणि प्रभातचा 'कुंकू'ही आहे. हो, 'कुंकू' पाहिलेला नाही. आता बोला.

वेळ मिळतो तो पोरं झोपल्यावर, तोही दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर. अर्धा तास "काय लावू, काय लावू" यातच जातो आणि शेवटी 'सामना' लागतो. नवरा म्हणतो, "अगं, मारुती कांबळेचं काय झालं ते माहितीये ना तुला आता?"

माहितीये. पण म्हणूनच तर बघायचा. पहिल्यांदा पाहताना मी डॉ. लागूंच्या मास्तरासारखीच, गायब झालेल्या मारुती कांबळेच्या त्या एका प्रश्नाच्या मागे लागले होते. उत्तर काय, कधी कळणार, कोण सांगणार. उत्तर कळल्यावर पुढच्या वेळी नजर आपोआप निळूभाऊ फुल्यांच्या हिंदुरावाकडे, गावच्या त्या साखरसम्राटाकडे गेली. त्याच्या जगात प्रत्येकाची काही ना काही किंमत ठरलेली आहे. आणि समोर तो दारुडा मास्तर बसलाय ज्याची किंमतच लागत नाहीये. ते हिंदुरावाला कळत जातं तसा निळूभाऊंचा चेहरा, बसणं, हसणं सगळं थोडं थोडं बदलतं. हे पहिल्या वेळी दिसणं शक्यच नव्हतं, कारण मी कथा ऐकत होते, माणूस बघत नव्हते.

पण याची दुसरी बाजूही छळते. 'सामना' परत लावला की त्या रात्रीपुरता 'कुंकू' राहिला, घटकांचा 'मेघे ढाका तारा' राहिला. आणि खरं सांगू का, परत बघण्यात थोडा आळसही असतो. नवीन सिनेमा म्हणजे पहिली वीस मिनिटं कष्ट. माणसं कोण, कुणाचं कुणाशी काय, भाषा वेगळी असेल तर खाली वाचत बसा. दमलेल्या मेंदूला ओळखीचं हवं असतं.

तुम्ही लोक हे कसं जमवता? काही नियम आहे का, की त्या त्या वेळी मनात येईल ते?

लिंबूपाणी

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

गच्चीवरचा_अँटेना

माझा नियम आहे आणि तो सोपा आहे. पाहिलेला परत बघायचा नाही.

हिशेब करा. आठवड्याला एक सिनेमा म्हणजे वर्षाला पन्नास. अजून तीस वर्षं डोळे-कान शाबूत राहिले तर दीड हजार. संपलं. एवढ्यात सगळी दुनिया बसवायची आहे. जपान, इराण, बंगाल, केरळ, इटली, सेनेगल. त्यातल्या दोनशे जागा मी 'सामना'ला का देऊ? 'सामना' थोर आहे, वाद नाही. पण तो माझ्याकडे आहेच ना.

'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेऊन सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. २०२२ च्या यादीत पहिला आला शांताल अकेरमनचा 'जान दिलमान' (१९७५). मी नावही ऐकलं नव्हतं. तीन तास एकवीस मिनिटं. एक विधवा बाई, तिचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, बिछाना घालते, मुलाला जेवायला वाढते, दुपारी एक गिऱ्हाईक येतं. कॅमेरा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि प्रेक्षक म्हणून तुमच्या पोटात गोळा येतो, कारण तोवर तिच्या दिवसाची घडी तुम्हाला पाठ झालेली असते. मी आवडत्यांच्याच यादीत फिरत बसलो असतो तर हा सिनेमा माझ्या वाट्याला आलाच नसता.

काळापांढरा

अँटेना, तुमच्याच यादीचा दाखला तुमच्यावर उलटवतो, रागावू नका.

त्या यादीत २०१२ ला पहिला कोण होता? हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. १९५८ ला आला तेव्हा त्याचं स्वागत यथातथाच झालं होतं. पुढे हक्कांच्या कारणाने हिचकॉकचे पाच सिनेमे बरीच वर्षं बाहेरच नव्हते, त्यात हाही एक. १९८० च्या दशकात ते पुन्हा लागले. यादीत पहिल्या दहांत तो पहिल्यांदा आला १९८२ ला, मग दर दहा वर्षांनी वर सरकत सरकत २०१२ ला 'सिटिझन केन'ला खाली ढकललं. 'केन' पन्नास वर्षं तिथे ठाण मांडून होता!

सिनेमा तोच, एक फ्रेमही बदललेली नाही. बदलले ते बघणारे, आणि ते पुन्हा पुन्हा बघत होते म्हणून बदलले. 'व्हर्टिगो' तर असाच आहे की एकदा बघून तो अर्धाच कळतो. खरं काय घडलंय हे हिचकॉक आपल्याला नायकाच्या आधी सांगून टाकतो. ते माहीत असताना पहिला अर्धा भाग बघा, नायिका किम नोव्हाकचं प्रत्येक वाक्य दुहेरी होतं. सगळ्यांनी तुमचा नियम पाळला असता तर हा सिनेमा आजही "हिचकॉकचा एक बरा प्रयत्न" म्हणून पडून असता.

गच्चीवरचा_अँटेना

समीक्षकांनी बघावा की दहा वेळा. त्यांचं ते कामच आहे. मी सकाळची लोकल पकडणारा माणूस आहे.

मॅटिनी_काका

मुलांनो, "पुन्हा बघू की नवीन बघू" हा प्रश्न आमच्या वेळी नव्हताच, कारण निवड आमच्या हातात नव्हती. थिएटरात जे लागेल ते. मॅटिनीला जुने सिनेमे स्वस्तात लागायचे, तिथे आम्ही पाहिलेलेही पाहिले आणि न पाहिलेलेही. 'सांगते ऐका' पुण्यात विजयानंदला दोन वर्षांहून जास्त चालला. त्या गर्दीत सगळे पहिल्यांदा येणारे होते असं वाटतं का तुम्हाला? बैलगाड्या जोडून तेच लोक पुन्हा येत.

फिल्म सोसायटीत बरोबर उलटं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ ला सुरू झालं, पुण्यात आशय १९८५ ला. वकिलाती आणि परदेशी संस्था प्रिंट द्यायच्या. ती प्रिंट एका संध्याकाळपुरती आपली, दुसऱ्या दिवशी डबे पुढच्या गावी. पुन्हा बघायची सोयच नाही! म्हणून आम्ही अंधारात वहीत लिहायचो. उजेडात बघावं तर एका ओळीवर दुसरी ओळ. मग चहाच्या टपरीवर चौघांनी मिळून तो सिनेमा परत उभा करायचा. "त्या शॉटला दार उघडं होतं", "छे, बंद होतं". पुढे कॅसेट आल्यावर तपासलं तर दारच नव्हतं त्या शॉटमध्ये.

(सोसायटीच्या सिनेमांना सेन्सॉरची सूट असायची. तेवढ्यासाठी सभासद झालेलेही पुष्कळ होते. ते बिचारे तास-दीड तास रशियन ट्रॅक्टर बघून घरी जायचे.)

सांगायचं ते असं की पूर्वी दुसरा कुणीतरी ठरवायचा आणि आपण जाऊन बसायचो. तुमचा खरा त्रास तो आहे, तिसरी_घंटाताई. सिनेमे जास्त झाले हा त्रास नाही, ठरवणारे तुम्ही एकट्याच उरलात हा आहे.

तिसरी_घंटा

काका, दंडवत. त्या दाराच्या किश्श्यासाठी वेगळा धागा काढा.

पाटी_पेन्सिल

मला 'उंबरठा'बद्दल लिहायचंय. कॉलेजात असताना पाहिला तेव्हा मी पूर्णपणे स्मिता पाटीलच्या सुलभाच्या बाजूने होते. घर सोडून सुधारगृहाची अधीक्षक होणारी बाई, सासूचा अधिकारी सूर, नवऱ्याची ती मऊ मऊ आडकाठी. चीड आली होती. मधली बरीच वर्षं तो बघायचं टाळलं, कारण मनातली आठवण छान होती आणि ती मोडायची नव्हती.

मागच्या वर्षी पाहिला. सुलभाची बाजू सुटली नाही, पण आता मला सतत तिची मुलगी दिसत होती. पडद्यावर ती फार वेळ नसतेच, तरी दिसत होती. आणि गिरीश कार्नाडांचा नवरा. कॉलेजात मला तो खलनायक वाटला होता. आता वाटलं, याच्याइतकी सुसंस्कृत, समजूतदार आडकाठी करणारी माणसं मी रोज ऑफिसात बघते, आणि हा माणूस खलनायक नाही हीच तर विजय तेंडुलकरांच्या पटकथेची खरी धार आहे. शेवटी ती परत येते आणि घरात तिची जागा उरलेली नसते, तो प्रसंग कॉलेजात मला अन्यायाचा वाटला होता. आता त्यात हिशेबाचा थंडपणा दिसला, दोन्ही बाजूंचा. मग ती पुन्हा निघते.

हा माझ्यासाठी नवीन सिनेमा होता. अँटेना, तुमच्या दीड हजारांत हा एक धरायचा की नाही?

सोडावॉटर

अहो रसभंग! शेवट कशाला सांगितला? मी बघणार होतो या शनिवारी.

पाटी_पेन्सिल

१९८२ चा सिनेमा आहे हो!

सोडावॉटर

माझा जन्म १९९६ चा. माझ्यासाठी नवाच.

काळापांढरा

सोडावॉटर, बघा तरीही. शेवट माहीत असून 'उंबरठा' बघणारे तुम्ही पहिले नाही. 'सुन्या सुन्या मैफलीत' नुसतं रेडिओवर ऐकलं असेल तर ते गाणं सिनेमात कुठे येतं ते बघण्यासाठी तरी.

धागेदोरे

मी दोन्ही करतो आणि त्यासाठी माझी एक रीत आहे. आवडता सिनेमा परत बघायचा, पण त्यातून बाहेर जाणारा एक धागा पकडायचा आणि पुढच्या वेळी तो जिथे जाईल तिथे जायचं.

उदाहरण घ्या. आमच्याकडे आईला 'बागबान' (२००३) लागतो. कितीही नाकं मुरडा, टीव्हीवर लागला की आख्खं घर बसतं. आईवडिलांची मुलांमध्ये वाटणी, म्हातारपणी नवरा-बायकोची ताटातूट. बाबा एकदा म्हणाले, हे तर राजा परांजप्यांच्या 'ऊन पाऊस'मध्ये होतं. शोधला. १९५४ चा. शाळामास्तर, निवृत्ती, आणि मुलांच्या घरी वेगवेगळे झालेले ते दोघे. 'बागबान'मधल्या बंगल्यांपेक्षा इथल्या दोन खोल्या जास्त टोचतात, कारण इथे खरोखरच जागा नाहीये. मुलं सगळी दुष्ट नाहीत, अडचणीत आहेत.

मग कळलं की हॉलिवूडमध्ये १९३७ लाच लिओ मॅकरीने 'मेक वे फॉर टुमॉरो' केला होता. बँकेने घर घेतलं, मुलांनी एकेकाला वाटून घेतलं. शेवटच्या संध्याकाळी म्हातारा-म्हातारी शहरात हिंडतात, ज्या हॉटेलात पहिल्यांदा राहिले होते तिथे जातात, अनोळखी लोक त्यांच्याशी पोटच्या पोरांपेक्षा बरं वागतात. एवढा निर्दय शेवट त्या काळच्या हॉलिवूडमध्ये कुणी करू दिला कसा, याचं मला अजून नवल वाटतं.

ओझूचा पटकथाकार कोगो नोदाने तो पाहिला होता, आणि त्याच्यातून आला 'टोकियो स्टोरी' (१९५३). तो मी आधी पाहिला होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा संथ वाटला होता. या रस्त्याने परत पोचलो तेव्हा तो वेगळाच निघाला. मॅकरी जिथे रडवतो तिथे ओझू कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून नुसता बसून राहतो. भांडण नाही, वाटणी नाही, मुलं फक्त कामात आहेत. म्हाताऱ्याचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीचाही नव्हता हे कळल्यावर मी पुन्हा पहिल्या दृश्यापासून त्याची पाठ बघत बसलो. सगळं म्हातारपण पाठीत आहे.

तर 'बागबान'पासून निघालो आणि ओनोमिचीला, 'टोकियो स्टोरी'तल्या म्हाताऱ्यांच्या गावाला, पोचलो. यात परत पाहिलेले दोन, नवे दोन. मी वेगळी यादी ठेवत नाही.

लिंबूपाणी

धागेदोरे, जबरदस्त. वाचनखूण साठवली.

माझी भर: तिसरी_घंटा, तुला 'सामना' सोडायचा नसेल तर तेंडुलकरांच्या पटकथांचा धागा पकड. 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश', 'अर्धसत्य'. 'सामना'चा मारुती कांबळे म्हणजे मोहन आगाशे, तेच 'निशांत'मध्ये जमीनदारांच्या घरातले आहेत. एकीकडे गायब झालेला माणूस, दुसरीकडे माणसं गायब करणारं घर. 'आक्रोश'मध्ये ओम पुरी जवळजवळ सिनेमाभर बोलतच नाही, आणि वकील प्रश्न विचारत राहतो. तोही 'सामना'चाच भाऊ वाटतो मला. 'मंथन'ला तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले होते, आणि आता त्याची दुरुस्त केलेली प्रत आहे, २०२४ ला कानला दाखवली ती.

भाडेकरू_क्र_चार

एवढे थोर थोर सिनेमे चाललेत, त्यात मी गरीब 'अशी ही बनवाबनवी' घेऊन येतो. परत बघण्याचा राष्ट्रीय विक्रम त्याच्याच नावावर असणार. आमच्याकडे संवाद अर्ध्यात सोडून पोळ्या लाटायला गेलेली बायको स्वयंपाकघरातून पुढचा अर्धा पूर्ण करते. त्यातून कुठे धागा जातो सांगा बरं, धागेदोरे.

धागेदोरे

जातो की. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६). भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बायकोचं सोंग घ्यायचं, मूळ तिथलं. गाणी गुलजारांची, संगीत हेमंतकुमारांचं. आणि 'धुमधडाका' आवडत असेल तर तो 'प्यार किये जा'वरून, आणि तो श्रीधरच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ सिनेमावरून. तमिळमध्ये नागेश आणि बालय्याचा सिनेमाची गोष्ट सांगण्याचा प्रसंग बघा आणि मग 'धुमधडाका'कडे या. कोण सरस यावर मी बोलणार नाही, धाग्याचं काश्मीर होईल.

भाडेकरू_क्र_चार

'बीवी और मकान' बघितला आत्ताच. चांगला आहे, पण आमचाच भारी. हाय काय, नाय काय.

गच्चीवरचा_अँटेना

धागेदोरे, तुमची रीत सुरेख आहे, पण तिच्यात एक गोम आहे. धागा ओढत गेलात तरी तुम्ही आपल्याच आवडीच्या आळीत फिरता. म्हातारे आईबाप आवडले तर आणखी म्हातारे आईबाप. तेंडुलकर आवडले तर आणखी तेंडुलकर. या रस्त्याने तुम्ही 'जान दिलमान'ला कधी पोचणार? अरविंदनच्या 'थंप'ला कधी? एक सर्कस केरळातल्या गावात येते, तंबू ठोकते, काही दिवसांनी निघून जाते. गोष्ट एवढीच. खेळ बघणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे हाच सिनेमा. ज्याच्याशी आपलं काहीच नातं नाही असं काहीतरी अंगावर यायला हवं ना अधूनमधून?

मांडवीकाठ

तेच सांगायला आले. अंगावर यायला हवं असेल तर नोव्हेंबरात पणजीला या. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून इथे आहे आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या दिवसांत स्वयंपाक नावालाच होतो.

महोत्सवात माझा अगदी कडक नियम आहे: जो सिनेमा पुढे कुठेतरी बघायला मिळेल तो तिथे बघायचा नाही. हव्या त्या सिनेमाच्या जागा पटकन भरतात, म्हणून जे शिल्लक असतं त्यात मी जाऊन बसते. नाव माहीत नाही, देश माहीत नाही. निम्मे वाईट निघतात. पण उरलेल्या निम्म्यांत असं काहीतरी असतं जे मी स्वतः होऊन जन्मात लावलं नसतं.

अपवाद एकच. जुना सिनेमा दुरुस्त होऊन मोठ्या पडद्यावर येणार असेल तर नियम गेला खड्ड्यात. पडदा मोठा असला की तो पुन्हा पाहिला असं मी धरतच नाही. आपण हे सिनेमे कसे पाहिलेत आठवा! खरवडलेल्या प्रिंट, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, खालून जाहिरातीची पट्टी, चेहरे चपटे झालेले. 'शोले' घ्या. सत्तर एमेमचा सिनेमा मी कितीतरी वर्षं चौदा इंची पेटीत पाहिला. त्यात मूळ शेवटही नव्हता. ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला होता. २०२५ ला दुरुस्त प्रत इटलीत बोलोन्याला दाखवली, त्यात तो परत आला. आता सांगा, 'शोले' पाहिलेला की न पाहिलेला?

काळापांढरा

मांडवीकाठ, 'शोले'चं निघालंच आहे म्हणून अवांतर: 'मेरा गाँव मेरा देश' (१९७१) कुणी पाहिला नसेल तर पाहा. विनोद खन्नाचा डाकू, नाव जब्बार सिंग. पुढचं तुम्हीच ओळखा.

मॅटिनी_काका

एक गोष्ट या चर्चेत आली नाही, ती मांडतो. न पाहिलेले सिनेमे आपली वाट बघत थांबतात असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. थांबत नाहीत.

'आलम आरा' (१९३१), आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. फोटो आणि जाहिराती आहेत, बस. मूकपट तेराशेच्या वर झाले असं सांगतात, हाताशी राहिलेले तीसेक, त्यातलेही कित्येक तुकड्यांत. जुनी फिल्म नायट्रेटची, ती पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, त्यात राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हच्या, म्हणजे सिनेमे जपून ठेवणाऱ्या संग्रहालयाच्या, नायट्रेट फिल्म जळाल्या, प्रभातच्याही. त्याच आवारात शांतारामबापू, दामले, फत्तेलाल यांनी ते सिनेमे केले होते. आणि सत्यजित रायच्या अपू-त्रयीची ('पथेर पांचाली', 'अपराजितो', 'अपूर संसार') निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या आगीत होरपळली. पुढे वीसेक वर्षांनी बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ पट्ट्यांना पाणी पाजून पाजून जमेल तेवढं वाचवलं, बाकीचं दुसऱ्या प्रतींतून घेतलं. २०१५ ला ती प्रत बाहेर आली.

म्हणून माझं मत असं की ज्याची प्रत धड नाही, जो कुठल्या तरी कोपऱ्यात अर्धवट आवाजात टिकून आहे, तो आधी बघा. 'व्हर्टिगो' कुठे जात नाही.

धागेदोरे

काका, हे डोक्यात नव्हतं आलं. पटलं.

आणि अपू-त्रयी निघाली म्हणून लिहितो. 'पथेर पांचाली' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळ्यांसारखाच काशफुलांत आणि आगगाडीत हरवलो. अपूची बहीण दुर्गा मरते, बाप हरिहर परत येतो, आई सर्वजया हंबरडा फोडते आणि तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाईचा सूर येतो. तिथेच सिनेमा संपला माझ्यासाठी. त्यानंतर अपूला घर आवरताना चोरलेला हार सापडतो, तो मी पाहिला होता पण 'पाहिला' नव्हता.

दुसऱ्यांदा हार आधीपासून डोक्यात होता. शेजारीण येऊन दुर्गावर चोरीचा आळ घेते, पोर नाही म्हणते, सर्वजया अपमानाने पेटते आणि मुलीला केसांना धरून बाहेर काढते. पहिल्यांदा मी दुर्गाच्या बाजूने होतो, खोटा आळ म्हणून. आता मला माहीत होतं की हार तिनेच घेतलाय. त्यामुळे तिचं ते नाकारणं, आईचा मार, सगळं वेगळ्याच जागी लागलं. आणि शेवटी अपू कुणाला न सांगता तो हार पाण्यात फेकतो, शेवाळ बाजूला होतं आणि पुन्हा मिटतं. एवढासा पोरगा बहिणीची अब्रू झाकतो. या सिनेमात राय न्याय करत नाहीत असं म्हणतात, मला वाटतं इथे करतात, आणि तो अपूच्या हातून करतात.

पाटी_पेन्सिल

धागेदोरे, हे वाचून आज 'पथेर पांचाली' लावणं आलं.

गच्चीवरचा_अँटेना

मी १९९० च्या दशकात दूरदर्शनवर पाहिलाय तो. हार बिलकुल आठवत नाही. तरी मी नियम मोडणार नाही. काकांनी सांगितलेली सोय जास्त पटली, ज्यांच्या प्रती वाईट ते आधी.

तिसरी_घंटा

काय काय लिहिलंत लोकहो! नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो म्हणतो तुझ्या 'सामना'ला आता कंपू मिळाला.

काकांचं ऐकून फोनमधली यादी उलटी लावली, सगळ्यात जुनं वर. त्यामुळे 'कुंकू' (१९३७) पहिला आला आणि काल रात्री पाहिला. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, आणि ती ठामपणे नाही म्हणते. आरडाओरडा न करता, घरात राहून, नाही. पार्श्वसंगीत मुळीच नाही हे मला दहा मिनिटांनी लक्षात आलं. पायरव, घड्याळ, भांडी, ग्रामोफोन, जे घरात वाजतं तेवढंच ऐकू येतं. शांता आपटे मध्येच इंग्रजी कविता गाते तेव्हा मी उठून बसले. १९३७!

आणि केशवराव दाते. त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा आणि येतोही, पण आरशासमोर उभा राहून तो स्वतःकडे बघतो तेव्हा राग कुठे ठेवायचा कळत नाही.

गंमत म्हणजे बघून संपला तेव्हाच ठरलं की हा परत बघायचा. म्हणजे न पाहिलेल्यांची यादी एकाने कमी झाली आणि डोक्यातली एकाने वाढली. पुढचा आठवडा 'शेजारी', शांतारामांचाच, १९४१ चा.

सोडावॉटर

'शेजारी'चा शेवट कुणी सांगितला तर बघा.

लिंबूपाणी

एक मदत हवीये. मुलगा तेरा वर्षांचा आहे, मारामारी असेल तरच बसतो. 'सेव्हन समुराई' दाखवायचा आहे, पण साडेतीन तास काळापांढरा जपानी! मी स्वतः दोनदा पाहिलाय, त्याच्यासोबत तिसऱ्यांदा बघीन. एका बैठकीत दाखवू की तोडून?

मॅटिनी_काका

तोडा. कुरोसावाने स्वतःच मध्यांतर ठेवलंय, पडद्यावर येतं. तिथपर्यंत सातही जण गोळा होतात, गावात येतात, तयारी होते. दुसऱ्या भागात लढाई. पहिल्या रात्री मध्यांतरापर्यंत बघा. दुसऱ्या रात्री लावण्याआधी त्याला सातांची नावं विचारू नका, कोण कशात तरबेज ते विचारा, तेवढं आठवलं की पुरे. आणि खालची अक्षरं मोठी करून ठेवा.